ग्रीक नाणे निवडताना आणि न्याहाळताना
वडोदऱ्यात राहून ग्रीक नाणी जमवू पाहणाऱ्याने घुबडाची छाप असलेल्या अथेन्सच्या प्रसिद्ध नाण्याआधी मिनँडर आणि अपोलोडोटस या हिंद-यवन (भारताच्या वायव्य भागात राज्य केलेल्या ग्रीक) राजांकडे वळावे, कारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी वृत्तांतानुसार त्यांची जुनी नाणी आपल्या शेजारच्या भरूच बंदरात तेव्हाही चालत होती.

नाणे कडांनीच धरावे आणि दिव्याचा प्रकाश तिरपा पाडून भिंगातून पाहावे; मिनँडरच्या अनेक चांदीच्या नाण्यांवर पुढे राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे, तर मागे वज्र फेकणारी ग्रीक देवी अथेना आणि उजवीकडून डावीकडे वाचायची खरोष्ठी अक्षरे दिसतात. दोन लिप्यांचा हा शेजार मला घुबडापेक्षा अधिक मोहक वाटतो.

वजन सराफाच्या काट्यावर करावे. असा द्रम्म, म्हणजे हे चांदीचे छोटे नाणे, सुमारे २.४ ग्रॅमचा असतो. अस्सल नाणी ठशाने ठोकून पाडलेली असल्यामुळे कडेवर साच्याची शिवण किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसल्यास ते ओतीव बनावट समजावे. चिंच लावून चकाकवण्याचा मोह (तांब्यापितळेच्या भांड्यांनी लावलेली ही सवय) कटाक्षाने टाळावा. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतात, म्हणून ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच पावतीसह घ्यावीत.