स्त्रीरोगतज्ज्ञ निवडताना या चुका टाळा: पाटीवरची पदवी, ऑपरेशनची जागा आणि विम्याचे कार्ड

सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात मी अकरा वर्षे मेडिक्लेमच्या खिडकीवर काम केले. ती नोकरी सोडून बराच काळ लोटला, तरी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी अजूनही महिन्याला दोन-तीन जणी फाईल घेऊन येतातच, आणि फाईल उघडण्याआधीच चूक कोठे झाली असेल याचा मला बहुधा अंदाज येतो. डॉक्टरांची पात्रता काय, त्या ऑपरेशन नेमके कोठे करणार आणि त्या ठिकाणी आपली पॉलिसी चालते का, हे तीन निरनिराळे प्रश्न असून त्यांची उत्तरेही तीन निरनिराळ्या ठिकाणी मिळतात. आपल्याकडे मात्र तिन्ही प्रश्न फोन उचलणाऱ्या रिसेप्शनवरच्या मुलीला एका दमात विचारले जातात, आणि तिने "हो, होतंय की" म्हटले की चौकशी संपते. त्या मुलीचा यात काहीच दोष नसतो, कारण तिला पुढचा फोन घ्यायचा असतो.

पाटीवरची अक्षरे न वाचता दवाखान्यात शिरणे

"एम.एस." ही दोन अक्षरे दिसली की सर्जन, असा सरसकट समज आहे. प्रत्यक्षात एम.बी.बी.एस. नंतर स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.एस. किंवा एम.डी. करता येते, तसेच बी.ए.एम.एस. नंतर आयुर्वेदातील प्रसूतितंत्र व स्त्रीरोग या विषयातही एम.एस. करता येते. दोन्ही पदव्या खऱ्या आहेत. पण पहिल्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि दुसऱ्यांची महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे. आयुर्वेदाच्या तज्ज्ञांकडे जायचे असेल तर अवश्य जावे, मात्र ते ठरवून जावे. ऑपरेशनच्या टेबलाजवळ पोहोचल्यावर हे कळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. डी.एन.बी. ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी आहे, डी.जी.ओ. ही पदविका आहे, आणि एफ.आय.सी.ओ.जी. ही मूळ पदवी नसून नंतर मिळणारी फेलोशिप आहे. एखाद्या संघटनेचे सभासदत्व हाही व्यवसायाचा परवाना नव्हे. नावापुढे अक्षरांची रांग जितकी लांब तितके डॉक्टर मोठे, असे मानणाऱ्यांनी ती रांग एकदा उलटीकडून, म्हणजे पहिल्या पदवीपासून वाचून पाहावी.

माझी सवय अगदी साधी आहे. मी नाव शोधत नाही, नोंदणी क्रमांक शोधते. डॉक्टरांनी तो दवाखान्यात लावावा आणि प्रिस्क्रिप्शनवर व पावतीवर छापावा, असा २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेचा नियम आहे, त्यामुळे तो मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला की नाव आणि पदवी दिसते. जुने क्रमांक सरळ आकडी असतात, नंतरच्या क्रमांकांत साल, महिना आणि अनुक्रमांक तिरप्या रेघांनी जोडलेले असतात. पदव्युत्तर पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून वेगळी नोंदवलेली असते, आणि मी खरे तर तीच ओळ बघायला तेथे जाते, नुसती एम.बी.बी.एस.ची नोंद सापडल्यावर समाधान मानून संकेतस्थळ बंद करणारे लोक पाहिले की मला राहवत नाही.

क्रमांकाचा हट्ट धरण्यामागे आणखी एक कारण आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांमध्ये महिला पुष्कळ आहेत आणि कित्येकींची नोंदणी माहेरच्या नावाने असते, तर पाटी सासरच्या आडनावाने. अक्कलकोटहून आलेली एक सासू सुनेच्या डॉक्टर "बोगस" निघाल्या म्हणून माझ्या ओट्यावर बसून रडली होती. प्रिस्क्रिप्शनच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला क्रमांक घातला, तेव्हा त्याच बाईंचे नाव माहेरच्या आडनावासह, पदव्युत्तर पदवीच्या नोंदीसकट समोर आले. तोवर त्या सासूबाईंनी ही वार्ता चार घरी पोहोचवली होती.

विजापूर, इंडी या भागांशी आपला रोजचा राबता असल्यामुळे कर्नाटकात शिकलेले डॉक्टरही येथे भेटतात. त्यात वावगे काही नाही, परंतु महाराष्ट्रात व्यवसाय करायचा तर महाराष्ट्राच्या परिषदेची नोंदणी लागते. शिवाय ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, म्हणून भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहताना चौकटीचे कौतुक करून थांबू नये, तारीखही वाचावी.

डॉक्टर आणि रुग्णालय एकच समजणे

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, आणि ती माझ्याच घरात झाली. २०१९ साली मोहोळला राहणाऱ्या माझ्या नणंदेला पिशवीत गाठी असल्याचे निदान झाले. भाच्याने इंटरनेटवर डॉक्टरांचे नाव शोधले, त्यांच्या नावाखाली शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचे नाव दिसले, ते रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत होते, आणि एवढ्यावर त्याने ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली. मला विचारले नाही, कारण "मामी उगीच फाटे फोडते."

वस्तुस्थिती अशी होती की डॉक्टर त्या मोठ्या रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस फक्त तपासणीसाठी येत असत आणि ऑपरेशन स्वतःच्या प्रसूतिगृहात करीत असत. प्रसूतिगृह यादीत नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी नणंद भरती झाली, कार्ड पुढे केले, तेव्हा तासाभरात चाळीस हजार रुपये भरायला सांगण्यात आले. भाच्याने रात्री मला फोन केला, आणि मी आमच्या ह्यांना पहिल्यांदा एटीएमवर आणि मग त्यांच्या मित्राच्या दुकानावर पिटाळले.

ऑपरेशन उत्तम झाले. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, हे मी आजही सांगते. भोग पुढे कागदांचे होते. खर्च आधी करून नंतर परत मागायचा, म्हणजे बिलावर रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक हवा, डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, गाठीचा तपासणी अहवाल हवा, औषधांच्या प्रत्येक बिलाला जोडीचे प्रिस्क्रिप्शन हवे. यांतले निम्मे नव्हते. कंपनीकडून तीनदा त्रुटीचे पत्र आले आणि मोहोळ-सोलापूर चकरा मारून भाच्याच्या चपला झिजल्या.

रुग्णालयाच्या नोंदणीचा आग्रह विमा कंपनी उगीच धरत नाही. पॉलिसीतील "रुग्णालय" या शब्दाच्या व्याख्येत स्थानिक प्रशासनाकडील नोंदणी येते. ती नसेल तर चोवीस तास परिचारिका व डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि किमान खाटा अशा अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात या खाटा १० आणि इतरत्र १५ मोजल्या जातात. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, यावरून आपले गाव कोणत्या रकान्यात बसते ते समजावे. लहान प्रसूतिगृहाच्या दृष्टीने मात्र १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचे प्रमाणपत्र हाच खरा आधार असतो. ते दर्शनी भागात लावलेले असते. मी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवते.

जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरण्याची, सोय मिळू शकते, हे खरे आहे. पण त्यासाठी नियोजित भरतीच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवावे लागते आणि रुग्णालयाचीही तयारी असावी लागते. शुक्रवारी संध्याकाळी खिडकीवर उभे राहून ही सोय आठवण्यात अर्थ नाही.

म्हणून डॉक्टरांना मी एकच वाक्य विचारते: "मॅडम, ऑपरेशन कोणत्या इमारतीत होणार आणि बिल कोणाच्या नावाने निघणार?" त्यानंतर कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून त्या रुग्णालयाचे पूर्ण नाव आणि पत्ता सांगते, कारण एकाच नावाची दोन रुग्णालये असू शकतात. ज्याने उत्तर दिले त्याचे नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहिते. मोबाईलमध्ये नव्हे, वहीत.

कॅशलेस आहे म्हणजे सगळे मिळेल, असे धरून चालणे

रुग्णालय यादीत असणे वेगळे आणि आपला आजार पॉलिसीत बसणे वेगळे. पिशवी काढणे, गाठी, अंडाशयावरील सिस्ट यांना बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत पहिली दोन वर्षे थांबावे लागते. बाळंतपण तर मूळ पॉलिसीत साधारणपणे वगळलेलेच असते. ते वेगळे घ्यावे लागते, त्याला नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते, आणि रकमेला वेगळी मर्यादा असते. नोकरीच्या गटविम्यात ही प्रतीक्षा बहुधा नसते. सातव्या महिन्यात पॉलिसी काढून आणून "आता काय करता येईल?" असे विचारणाऱ्या तरुण जोडप्यांना मी चहा देते, दुसरे काही देता येत नाही.

वंध्यत्वाचे उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत, आणि ते करणारे केंद्र २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदलेले आहे का, हे आधी पाहावे.

सोनोग्राफी होते तेथे १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालचे प्रमाणपत्र भिंतीवर दिसले पाहिजे. दिसत नसेल तर मी उठून येते.

गूगलवरचे तारे बघून निवड करू नये. वाट फार वेळ पाहावी लागली म्हणून एक तारा देणारे आणि पार्किंग मिळाले म्हणून पाच देणारे लोक मला ठाऊक आहेत.

सरकारी योजनेचे नाव ऐकून निर्धास्त होणे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक लागलेला असला, तरी रुग्णालयाची निवड विशिष्ट उपचारशाखांसाठीच झालेली असते. हृदयरोगासाठी निवडलेल्या ठिकाणी स्त्रीरोगाचे ऑपरेशन योजनेत होईलच असे नाही, आणि काही शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत. योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर रुग्णालय आणि ऑपरेशन, दोन्हींची नावे सांगून विचारावे. रुग्णालयात बसलेल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्रालाही, हे विचारता येते.

बाळंतपणापुरते बोलायचे तर सिव्हिलला किंवा महापालिकेच्या डफरीन प्रसूतिगृहाला नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या पॉलिसीतील प्रसूतीची मर्यादा वाचावी. शासकीय संस्थांमध्ये २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती आणि सिझेरियन दोन्ही मोफत आहेत, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांच्या विशेष तपासणीची सोय असते. पगारातून उपचारांचा हक्क देणाऱ्या राज्य कामगार विम्याची (ई.एस.आय.) वर्गणी कापली जात असूनही खासगीत उसनवारी करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, कारण त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवरचा तो आकडा घरात कोणी कधी विचारलेलाच नसतो.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जाण्याची घाई असते आणि बाळ रडत असते. तरीही रिक्षा बोलावण्याआधी बिल उजेडात धरावे आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, डॉक्टरांचा क्रमांक, शिक्का, रुग्णाचे पॉलिसीवर आहे तसेच नाव आणि भरतीची वेळ एवढे डोळ्यांखालून घालावे. नाव चुकले असेल तर तिथल्या तिथे पाच मिनिटांत दुरुस्त होते. माझ्या नणंदेच्या बिलावर "सुनंदा"चे "सुनीता" झाले होते, आणि तिसरे त्रुटीपत्र त्याचे होते.