सोमाली गाणी ऐकायचीत? अब्दुल्लाही कर्शेपासून सुरू करा

भाषा कळत नाही म्हणून सोमाली गाणी सोडू नका. मला आजही त्यातले जेमतेम वीसेक शब्द येतात, तरी कर्शे लावला की हातातलं काम थांबतं. कान कुठे लावायचा ते एकदा कळलं की बास.

आधी माणूस थोडा समजून घ्या. जन्म १९२४, टांगानिकातलं (आजच्या टांझानियातलं) मोशी, किलिमांजारो डोंगराच्या पायथ्याचं गाव. लहानपणीच येमेनमधल्या एडन बंदरात आला. एडनचा कारभार १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, तिथे हिंदी सिनेमे लागायचे आणि ते बघतच हा पोरगा वाढला, म्हणजे त्याच्या कानात आपल्याकडचे सूर पण पडलेले आहेत, हे माहीत असलं की ऐकायला वेगळीच मजा येते. पुढे तो सोमालीलँडला, म्हणजे सोमाली लोकांच्या तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मुलखात गेला. तिथे तेव्हा बेल्वो नावाची छोटी छोटी प्रेमगीतं गाजत होती, साथीला टाळ्या नाहीतर पत्र्याचा डबा. त्या गाण्यात कर्शेने ऊद, म्हणजे अरबांचं तारांचं वाद्य, आणलं. सोमालीत त्याला कबान म्हणतात. धार्मिक घरांमध्ये गाणंबजावणं वाईट समजायचे त्या काळात हे केलंय, म्हणून सोमाली लोक त्याला आधुनिक सोमाली संगीताचा बाप मानतात.

आता ऐकायचं कसं. पहिल्यांदा फक्त ऊद ऐका, गाणाऱ्याकडे लक्षच देऊ नका. उदाला सतारीसारखे पडदे नसतात त्यामुळे सूर सरोदसारखा घसरत जातो. चाल बहुतेक पाच सुरांची, आपल्या भूप किंवा दुर्गा रागासारखी, त्यामुळे मराठी कानाला ती परकी वाटतच नाही. घरी पेटी असेल तर सोबत वाजवून बघा, दोन-तीन वेळा ऐकल्यावर बोटं आपोआप सापडतात.

दुसऱ्यांदा शब्दांची सुरुवात पकडा. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. सोमाली कवितेत ओळीओळीत एकच अक्षर परत परत यावं लागतं, आपला अनुप्रास, फक्त तिथे तो नियमच आहे. आणि सगळे स्वर एकमेकांना चालतात. कर्शेचं शिक्षणावरचं गाणं घ्या, 'अकोन लाआन वा इफ्तीन लाआन', ज्ञान नाही म्हणजे उजेड नाही. पुढे अकल म्हणजे घर आणि इलेय्स म्हणजे दिवा. अकोन, इफ्तीन, अकल, इलेय्स, सगळे स्वरापासून सुरू! हे एकदा कानाला लागलं की अर्थ न कळताही ओळ कुठे वळणार ते आधीच जाणवायला लागतं.

मग झेंड्याचं गाणं लावा, 'कोलोबा अलंकेद'. निळा झेंडा, त्यावर पांढरा तारा, आणि गाणं म्हणतं की प्रत्येक देशाच्या झेंड्याचा आपापला रंग असतो, आमचा ढग नसलेल्या आभाळासारखा आहे. २०१२ पासून हेच सोमालियाचं राष्ट्रगीत आहे. कर्शे १९९४ मध्येच गेला, त्याला हे बघायला मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

शोधताना स्पेलिंगवर अडाल. सोमालीला रोमन लिपी अधिकृतपणे १९७२ मध्ये मिळाली आणि त्यात सी म्हणजे घशातून काढलेला अ, एक्स म्हणजे ह. म्हणून अब्दुल्लाही ए लावून पण शोधा आणि सी लावून पण. हसन नावाचा गायक हवा असेल तर एक्स लावा.

आणि खरखर आहे म्हणून रेकॉर्डिंग बदलू नका प्लीज. १९८८ मध्ये सोमालीलँडमधल्या हर्गेसा शहरावर विमानातून बॉम्ब पडले तेव्हा लोकांनी गाण्यांच्या टेप जमिनीत पुरून वाचवल्या, त्यामुळे जुन्या गाण्यांत स्वच्छ आवाज शोधत बसू नका, हेडफोन लावा आणि खरखरीच्या मागचं ऊद ऐका. कर्शे कानात बसला की मगूल ही सोमाली गायिका ऐका, तिचा आवाज तर काय सांगू.