खोक्यावरचं ५जी आणि शिवारातलं नेट : फोन घेताना या चुका टाळा

मे महिन्यातली टळटळीत दुपार. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं केंद्र चालवतो. सातबारा काढायला आलेल्या नानांनी खिशातून कोरा फोन काढून टेबलावर ठेवला. सोबत खोकंही आणलेलं. "खोक्यावर पाच जी लिहेल आहे, दुकानदार म्हने पिच्चर दोन मिनिटात उतरतो. आन इथं साधा व्हॉट्सॲपचा फोटो गोल गोल फिरून राह्यला भो!"

फोनमध्ये बिघाड नव्हता. रेंजच्या कांड्यांशेजारी ५जी असं ठसठशीत दिसत होतं. खोक्यावरही धडधडीत खोटं असं काही छापलेलं नव्हतं. असे फोन माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन येतात. खोक्यावरचं वाक्य कुठंतरी, कधीतरी, कुणासाठीतरी खरं असतं, आणि आपण ते आपल्या गावासाठी, आपल्या सिमसाठी आणि रात्री आठ वाजतासाठी खरं धरून चालतो. सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

'पर्यंत' हा शब्द न वाचणं

"डाउनलोड स्पीड २.५ जीबीपीएसपर्यंत." जीबीपीएस म्हणजे सेकंदाला गिगाबिट, एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस. हा आकडा नेटचा नाही, फोनमधल्या मोडेम चिपचा, म्हणजे नेट पकडणाऱ्या चिपचा आहे. प्रयोगशाळेत, टॉवरवर दुसरा कुणीही नसताना, सिग्नल पुरेपूर असताना ती चिप जास्तीत जास्त किती ओढू शकते, त्याची ही कमाल. गाडीच्या काट्यावर १८० लिहिलेलं असतं, म्हणून कुणी चाळीसगावहून निघून औट्रम घाटात ती १८० नं घालत नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण घालतो.

२०२१ मध्ये १० जीबीपीएसचा मोडेम जाहीर झाला तेव्हा बातम्यांचे मथळे तसेच होते. एवढा वेग गाठायला अतिउच्च फ्रिक्वेन्सीच्या लहरींची जोड लागते. आपल्याकडे त्यासाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. या लहरी भिंतीनं अडतात, नुसता हात आडवा आला तरी दबतात, आणि त्या पकडणारा अँटेना आपल्याकडच्या नेहमीच्या किमतीच्या फोनमध्ये बसवलेलाच नसतो.

माझंही हसं झालं आहे. केंद्रावर तीन कॉम्प्युटर चालावेत म्हणून मी एक ४जी हॉटस्पॉट घेतला होता. खोक्यावर १५० एमबीपीएस. हिशेब केला, तिघांना पन्नास-पन्नास. प्रत्यक्षात संध्याकाळी तिघांत मिळून आठ-नऊसुद्धा येईना. नंतर कळलं की १५० हा ४जीच्या 'कॅटेगरी ४' नावाच्या वर्गाचा कमाल आकडा आहे. तो मिळायला कंपनीनं त्या टॉवरवर २० मेगाहर्ट्झ रुंदीचा सलग पट्टा चालवायला हवा. पट्टा १० चा असेल तर कमाल ७५, आणि ५ चा असेल तर ३७ च्या आसपास. जे काही असेल ते टॉवरखालच्या सगळ्या गावानं वाटून घ्यायचं. आयपीएलच्या वेळी माझ्या वाट्याला काय येणार? डबडं बिचारं ठीक होतं, मीच त्याच्या पोटावरचा आकडा माझ्या नावावर लावून घेतला होता.

जाता जाता एक. एमबीपीएसमधला 'बी' बिटचा आहे, बाइटचा नाही. आठ बिट म्हणजे एक बाइट. १०० एमबीपीएस पूर्ण मिळालं तरी सेकंदाला साडेबारा एमबीच उतरणार. "स्पीड दाखवतं शंभर, फाइल उतरते बाराच्या वेगानं" ही तक्रार घेऊन आलात तर मी चहा पाजून परत पाठवतो.

वरच्या चिन्हावर विश्वास ठेवणं

नानांचाही भरवसा वर दिसणाऱ्या ५जीवरच होता, म्हणून आधी त्या चिन्हाचं बघू. आपल्याकडे ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि ते दोन तऱ्हांनी उभं राहिलं. एका तऱ्हेत ५जी स्वतःच्या पायावर चालतं. दुसरीत ते ४जीचा हात धरून चालतं, म्हणजे फोन आधी ४जी टॉवरला जोडला जातो आणि जमलं तर ५जीची जादा गाडी जोडली जाते. या दुसऱ्या तऱ्हेत ४जी टॉवरनं "माझ्या जोडीला ५जी असू शकतं" एवढं कळवलं, तरी काही फोन वर ५जी दाखवायला लागतात. प्रत्यक्षात डेटा ४जीवरूनच येत असतो. म्हणजे चिन्ह दिसतं ते शक्यतेचं, आणि आपण ते पोहोचपावती समजतो.

चिन्हाची ही हातचलाखी जुनी आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर एटी अँड टी या मोबाईल कंपनीच्या आयफोन ४एसवर ३जीच्या जागी ४जी दिसायला लागलं. फोन तोच, आतला रेडिओ तोच, अक्षर मात्र बदललं. २०१९ मध्ये त्याच कंपनीनं सुधारित ४जीवर चालणाऱ्या फोनमध्ये '५जी ई' असं चिन्ह झळकवलं. प्रतिस्पर्धी स्प्रिंट कोर्टात गेली, आणि २०२० मध्ये तिथल्या जाहिरात स्वनियमन मंडळानं ही जाहिरात थांबवावी अशी शिफारस केली. मुळात ४जी या शब्दाचंच काय झालं बघा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं खऱ्या ४जीसाठी स्थिर वापरात १ जीबीपीएसची अपेक्षा ठेवली होती. कंपन्यांनी त्याआधीच पाट्या रंगवलेल्या, म्हणून डिसेंबर २०१० मध्ये संघानंच नमतं घेतलं आणि त्याखालच्या तंत्रांनाही ४जी म्हणायला मोकळीक दिली.

तपासणी सोपी आहे. ५जी चालू ठेवून वेग मोजा, मग सेटिंगमध्ये सिमच्या पानावर जाऊन 'पसंतीचं नेटवर्क' ४जी करा, त्याच जागी पुन्हा मोजा. आकडे सारखेच आले, तर वरचं चिन्ह नुसती टिकली आहे.

बँड न विचारता फोन उचलणं

५जी फोन म्हणजे सगळं ५जी पकडणारा फोन, हा समज महागात पडतो. प्रत्येक कंपनी आपापल्या पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर चालते. फोनमध्ये तो बँड नसेल तर टॉवर डोक्यावर असूनही उपयोग शून्य. २०१२ मध्ये ॲपलनं ऑस्ट्रेलियात ४जीच्या नावानं आयपॅड विकला. तो तिथल्या ४जी जाळ्यावर चालतच नव्हता, कारण त्याचे बँड अमेरिका-कॅनडाचे. तिथल्या ग्राहक आयोगानं कोर्टात खेचलं आणि २२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तेव्हा दुबईहून भाच्यानं आणलेला फोन "तिकडं तर पळत होता" म्हणून आणू नका. तिकडं पळत असेलच.

आपल्याकडे दोन नावं लक्षात ठेवली तरी पुष्कळ : एन७८ म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि एन२८ म्हणजे ७०० चा. ३३०० मध्ये वेग भरपूर, पण पल्ला कमी. ७०० लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, पण त्याची वाट अरुंद. जिओकडे दोन्ही आहेत. एअरटेलचं ५जी मुख्यतः ३३०० वर उभं राहिलं. आणखी एक खोच म्हणजे वर सांगितलेल्या दोन तऱ्हा. २०२४ च्या शेवटी बाजारात आलेला रेडमी ए४ फक्त स्वतःच्या पायावरचं ५जी पकडतो. त्या वेळी एअरटेलचं ५जी ४जीचा हात धरून चालत होतं, त्यामुळे एअरटेलवाल्यांना त्या स्वस्त '५जी' फोनवर ४जीच मिळायचं. ही गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रकात होती. पण माहितीपत्रक वाचून फोन घेणारा माणूस मी खान्देशात अजून पाहिलेला नाही, मी स्वतः धरून.

आपल्या मातीचं वेगळंच आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागा म्हणजे उभं पाणी. रुंद, ओलसर पानांची दाटी लहरी शोषते, आणि फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी जास्त शोषते. रस्त्यावर ५जी, बांधावर ४जी आणि बागेच्या मधोमध मोटार चालू करायला गेलं की काहीच नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे सातपुड्याचा एक डोंगर आडवा आला की खोक्यावरच्या आकड्याला विचारतो कोण. जुन्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती आणि वरून मातीचंच छत. घर उन्हाळ्यात थंड राहतं आणि नेटही थंड पडतं.

म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटात उभं राहून फोनचा स्पीड बघणं ही मोठी चूक. शहराच्या मधोमध कुठलाही फोन पळतो. त्याऐवजी आधी गावात, आपल्या ओट्यावर, आपल्या मळ्यात शेजाऱ्याचा ५जी फोन घेऊन फिरा आणि कोणाचं सिम कुठं चालतं ते बघा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात, तेही बघा, पण शेजाऱ्यानंतर.

वायफायचं ५जी आणि टॉवरचं ५जी एकच समजणं

राउटरच्या नावापुढं '5G' असं असतं ते ५ गिगाहर्ट्झ. मोबाईलच्या पाचव्या पिढीशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि 'एसी१२००' म्हणजे १२०० चं नेट नव्हे. ३०० आणि ८६७ या दोन वायफायच्या कमाल आकड्यांची बेरीज करून गोल केलेली ती संख्या आहे. तुमचा एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. स्वस्त राउटरची मागची वायरची खाच तर पुष्कळदा १०० चीच असते, मग पुढचं सगळं शोभेचं.

फोनला शिव्या घालण्याआधी

सगळं खापर जाहिरातीवर फोडू नये, अर्ध्या तक्रारी घरच्याच असतात. दिवसाचा डेटा संपला की वेग बहुतेक ६४ केबीपीएसवर, म्हणजे जवळजवळ शून्यावर येतो, आणि नातवानं सकाळीच रील बघून तो संपवलेला असतो. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलनं अमर्याद ५जी रोज २ जीबीच्या किंवा त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं, त्यामुळे फोन ५जी आणि रिचार्ज दीड जीबीचा, अशी जोडी जमेनाशी झाली. दोन सिम असतील तर डेटा कुठल्या सिमवर लावलाय ते बघा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर बरेच फोन ५जी गुपचूप बंद करतात. आणि भुसावळ-जळगावचा मे ! पारा ४५ च्या घरात, फोन मोटारसायकलच्या हँडलला लावलेला. तापलेला फोन स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो, मग ५जी सोडतो. त्याला सावलीत न्या. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आमच्याकडे एकानं ठेवला होता.

वेग एकदाच मोजून निकाल देऊ नका. पहाटे, दुपारी आणि रात्री नऊला मोजा. ट्रायचं मायस्पीड ॲप त्यासाठी आहे. डाउनलोडइतकंच अपलोड बघा, कारण फोटो पाठवताना आणि व्हिडिओ कॉलला तेच लागतं, आणि खोक्यावर ते क्वचितच छापतात.

बाजारात 'सिग्नल बूस्टर' मिळतो, त्याच्या नादी लागू नका. फोनच्या पाठीला चिकटवायचं स्टिकर म्हणजे निव्वळ कागद. आणि छतावर लावायचा खासगी रिपीटर परवान्याविना बसवणं हा गुन्हा आहे. तो आजूबाजूच्यांची रेंजही बिघडवतो.

तक्रारीच्या वेळी हात रिकामे असणं

फसवणूक झालीच आहे असं वाटत असेल, तर खोकं, बिल आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. लोक नेमकं खोकंच आधी फेकतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत आणि ठळक असायला हवा. मराठीत मोठ्ठं 'सुसाट' आणि खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरात 'अटी लागू' दिसलं, तर तोच फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. जाहिराती मागे घ्याव्या लागल्याची उदाहरणं आहेत. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये आयफोन ३जीची 'खरंच वेगवान' म्हणणारी जाहिरात बंद झाली, कारण प्रत्यक्षातल्यापेक्षा कितीतरी जलद पानं उघडताना दाखवली होती. २०१५ मध्ये आपल्याकडच्या जाहिरात मानक परिषदेनं एअरटेलला 'सर्वात वेगवान ४जी'ची जाहिरात मागे घ्यायला किंवा बदलायला सांगितलं.

नानांच्या फोनवर मी दोन्ही आकडे मोजले. ५जीवर वेग कधी चाळीस, कधी शून्य, कारण माझ्या केंद्रात ते इतकं क्षीण पोहोचत होतं की फोन सारखा ये-जा करत होता. ४जीवर बारा, पण अखंड. मी फोन ४जीवर पक्का करून दिला. फोटो टचकन उघडला. नाना खूश होतील असं वाटलं होतं.

"म्हनजे पैसे पाच जीचे देल्ले आन चालवू चार जी?"

"घरात आणि इथं तरी हो, नाना. फैजपूरला गेलात की परत बदलून घ्या."

नानांनी खोकं उचललं, त्यावरचं ५जी एकदा अंगठ्यानं घासून बघितलं, आणि सातबाऱ्याचे पैसे न देताच निघून गेले.