आर अँड डीत येणाऱ्या फूड टेकवाल्यांसाठी: माझ्या नाचणी कुकीजची गोष्ट

कॉलेजात फूड लॉचा पेपर मी आदल्या रात्री वाचून काढला होता, सगळेच तसा काढतात, वाटलं हे क्यूएवाल्यांचं, म्हणजे क्वालिटी तपासणाऱ्यांचं काम, आपण तर आर अँड डीत, नवीन प्रॉडक्ट बनवायला जाणार. पहिल्या नोकरीत पहिलाच प्रॉडक्ट हातात आला नाचणी कुकीज. मार्केटिंगला पाऊचवर तीन गोष्टी हव्या होत्या, 'हाय फायबर', 'नो अ‍ॅडेड शुगर' आणि 'डायबेटिस कंट्रोल'.

तिसरी लगेच उडाली. एफएसएसएआय (देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) च्या 2018 च्या क्लेम रेग्युलेशनप्रमाणे, म्हणजे पाकिटावर आणि जाहिरातीत काय दावा करता येतो त्या नियमांप्रमाणे, कुकीने आजार बरा होतो असं म्हणताच येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे.

खरी मजा पुढे. हाय फायबर म्हणायला 100 ग्रॅममागे 6 ग्रॅम फायबर लागतं, 3 असेल तर नुसतं 'सोर्स ऑफ फायबर'. नाचणीत 11 च्या आसपास असतं म्हणून मी निवांत, पण कुकीत नाचणी होती 40 टक्के, बाकी मैदा, तूप, खजूर. लॅबचा रिपोर्ट आला 5.2. नाचणी वाढवली तर कुकी उचलली की भुगा, इन्युलिन (वेगळं काढलेलं फायबर, पावडर येते) घातलं तर कडा लवकर लाल, मग ओव्हनचं टेंपरेचर परत सेट करा, परत लॅबला पाठवा, अशा चौदा ट्रायल झाल्या, त्या 0.8 ग्रॅमसाठी. पण खरं सांगू, चौदावी कुकी पहिलीपेक्षा चांगली होती.

आणि खजूर! साखर नाही, गूळ नाही, खजुराची पेस्ट आहे म्हणजे नो अ‍ॅडेड शुगर, असं मला, माझ्या बॉसला आणि घरी आईलाही वाटत होतं. पण साखरेच्या जागी गोडीला घातलेले साखरवाले घटकही त्या क्लेमला चालत नाहीत. हे कळलं कधी, तर पाऊच छापायचे सिलिंडर बनून आल्यावर, प्रत्येक रंगाचा एक, तेव्हा रेग्युलेटरीच्या मॅडमनी फाइल परत पाठवली. साखरेऐवजी गोडीला वापरतात ते माल्टिटॉल घालून बघितलं, पण ते 10 टक्क्यांवर गेलं की पोट ढिलं होऊ शकतं अशी सूचना छापावी लागते (आमच्या टेस्टिंग पॅनलला ती वाचायची गरज पडली नाही). शेवटी खजूर ठेवला, क्लेम सोडला, सिलिंडर नवीन केले.

तर मार्केटिंगचं ब्रीफ हातात आलं की रेसिपीच्या आधी त्या रेग्युलेशनचं शेड्यूल 1 उघडा, आकडे तिथेच आहेत. घटक अगदी नवीन असेल तर आधी एफएसएसएआयचं अप्रूव्हल लागतं, लाँचची तारीख ते धरून सांगा. आणि नियम बदलत राहतात, 2024 ला कॉन्सन्ट्रेटपासून बनवलेल्या ज्यूसवरून '100 टक्के फ्रूट ज्यूस' काढायला लावलंच की.

मोठ्या कंपनीत निदान मॅडम असतात. आमच्या बाजूच्या बचत गटाच्या काकू नाचणीच्या लाडवांवर 'मधुमेहावर गुणकारी' असं स्टिकर लावतात, मी समजावलं तर म्हणाल्या, "अगं पण आहेच ना गुणकारी!" लाडवात गूळ आहे. स्टिकर अजून तसंच आहे.