अवजड वाहनाचा परवाना काढताना
रावेर-सावद्याच्या केळीच्या गाड्या पाहत वाढलेल्या खानदेशातील ज्या तरुणांना ट्रक चालवायचा आहे, त्यांनी आधी हलक्या मोटार वाहनाचा परवाना काढावा. कारण तो किमान १ वर्ष जुना असल्याशिवाय आणि वयाची २० वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ट्रकसारख्या परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. त्या अर्जाला नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र, तर पक्क्या परवान्याच्या अर्जाला ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ प्रमाणपत्र जोडावे लागते. हे प्रमाणपत्र न शिकताच पदरात पाडून घेणे म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाशी खेळणे आहे.

शिकताना वळणाचा सराव भरपूर करावा, कारण मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न येता आतल्या बाजूने कापत येतात आणि तिथेच एखादा दुचाकीस्वार सापडतो. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून इंजिन सुरू केल्यावर त्या दाबाचा काटा पुरेसा वर चढेपर्यंत गाडी जागची हलवू नये. कोंडाईबारी घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करू नये. चढताना जो गिअर लागला असता, साधारण तोच उतरताना ठेवावा, म्हणजे वेग इंजिन आवरते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत.