एकाच चाकाला तीन पंक्चर

दादर ते कन्याकुमारी, सायकलवर, एकटीनं. पहिल्याच सकाळी लालबागला मागचं चाक बसलं. नवी ट्यूब घातली. भायखळ्याला पुन्हा तेच. पॅच मारला. भाऊच्या धक्क्यावर पोचेपर्यंत परत हवा गेली आणि रेवसची लाँच डोळ्यांदेखत सुटली. रडूच आलं.

मासळीची टोपली घेऊन बसलेल्या मावशींनी चहा पाजला. ‘बस जरा, पुढची लाँच हाय ना.’ त्यांचे उपकार विसरणार नाही.

मग नीट बघितलं. दोन्ही ट्यूबांना भोक व्हॉल्व्हपासून वीतभरावर, तिसरं तर पॅचला खेटूनच. म्हणजे दोष टायरमध्ये. (टायरवरचं नाव मी नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवते, त्यामुळे जागा लगेच कळते.) बोटाला काही लागेना. कापसाचा बोळा आतून फिरवला, तर एका ठिकाणी धागे अडकले: केसासारखी बारीक पोलादी तार. ट्रकचे टायर फुटले की अशा तारा रस्त्यावर पडतात. चिमट्यानं ओढून काढली, बोळा पुन्हा फिरवला, मगच ट्यूब आत घातली. आधी दोनदा घाईत टायर तपासलाच नव्हता.

दुपारची लाँच मिळाली. संध्याकाळी अलिबागला चाक दाबून पाहिलं. टणक होतं.