मोडेमचं ॲडमिन पान उघडत नाही? आधी पत्ता तपासा

केबल इंटरनेटच्या गेटवेत (मोडेम आणि वायफाय राउटर एकत्र असलेला डबा) सेटिंग बदलायच्या ॲडमिन पानावर लॉगिन करताना बहुतेकांची गाडी पासवर्डच्याही आधी, पत्त्यावरच अडते. कुणी १९२.१६८.०.१ सांगतं, कुणी १९२.१६८.१.१, तर कुणी १०.०.०.१. अंदाज बांधत बसू नका. फोन घरच्या वायफायला जोडा, वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर जा आणि ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’समोरचा आकडा बघा. तोच तुमचा पत्ता. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तो इंग्रजी आकड्यांत, मधल्या टिंबांसकट टाका. फोनवरून करत असाल तर मोबाइल डेटा आणि व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) बंद ठेवा.

आता पासवर्ड. वायफायचा पासवर्ड वेगळा, ॲडमिनचा वेगळा. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोडेमच्या तळाशी किंवा मागे स्टिकर असतो, त्यावर बहुतेकदा दोन्ही छापलेले असतात. अक्षरं बारीक असतात, म्हणून फोटो काढून मोठा करून वाचा. शून्य की ओ, एक की एल, हे नीट पाहा.

काहीच चालेना तर मागच्या बारीक भोकातलं रीसेट बटण उरतं. पण ते खरोखर शेवटी दाबा. वायफायचं नाव, पासवर्ड, तुम्ही केलेले सगळे बदल पुसले जातात आणि घरातलं प्रत्येक उपकरण पुन्हा जोडावं लागतं.

आत शिरल्यावर पहिलं काम: ॲडमिन पासवर्ड बदला.